भुसभुशीत खडे

त्या संस्थेत सगळे त्यांना चकतीवाल्या काकू म्हणत. जमिनीत खोलवर बोअर मारून काढलेले दगडमातीचे खडे त्यांच्याकडे येत. काकू हिऱ्याच्या पात्यावर खड्याची चकती कापायच्या, काचपट्टीवर चिकटवायच्या आणि कुरुंद दगडाच्या खरखरीत पुडीवर घासत घासत इतकी पातळ करायच्या की आरपार उजेड दिसावा. एकतीस वर्षं हेच. अंगठ्यांवरच्या रेषासुद्धा झिजल्या होत्या. "मी चोरी केली तरी पोलिसांना ठसा मिळायचा नाही," असं त्या हसत सांगायच्या.

निवृत्तीला चार महिने उरले असताना नवी मॅडम आली. वयाने लेकीसारखी, पण कामात भारी चिकित्सक. तिचा अभ्यास पाच कोटी वर्षांपूर्वीच्या काळाचा. तेव्हा पृथ्वी इतकी तापलेली होती की ध्रुवांवरसुद्धा बर्फ नव्हता. त्या वेळच्या मातीचा दगड झाला होता आणि त्यात पावसापाण्याच्या खुणा राहिल्या होत्या. काकूंच्याच चकत्या बघून जुन्या साहेबांनी लिहून ठेवलं होतं : उष्ण काळ, म्हणजे बारमाही पाऊस आणि सदा ओली जमीन.

"काकू, बोअरच्या पेटीत खडे तर सलग आहेत. मग मधल्या मधल्या खड्यांच्या चकत्या का नाहीत?" मॅडमने विचारलं.

"बघून सांगते," म्हणत काकूंनी वेळ मारून नेली.

संध्याकाळी नवरा लसूण सोलत बसला होता, त्याच्यापाशी त्या बोलल्या. "भुसभुशीत खडे पात्याखाली धरले की चुरा व्हायचा. पहिल्याच वर्षी साहेब सगळ्यांदेखत ओरडले, खडे फुकट घालवता म्हणून. तेव्हापासून मी घट्ट खडेच कापले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"झाकली मूठ सवा लाखाची. चार महिन्यांसाठी कशाला विकतचं दुखणं घेतेस?"

"अहो, ती पोर त्या चकत्यांवर डोळे फोडतेय."

दुसऱ्या दिवशी काकूंनी मॅडमला सगळं सांगून टाकलं. मॅडमने हातातली चकती खाली ठेवली.

"ते खडे आता कुठे आहेत?"

"पेटीतच. एकही फेकला नाही."

मग दोघी कामाला लागल्या. खडा आधी पातळ राळेत बुडवायचा, पंपाने आतली हवा ओढायची, राळ भिनून सुकली की कापायचा. सात खडे गेले. आठवा टिकला.

मॅडमने काकूंना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. चकतीत बारीक भेगा होत्या, भेगांत वाळू आणि बाजूला चुन्याचे पांढरे गोळे.

"माती उन्हाने तडकली, मग लोंढा आला आणि भेगांत वाळू भरली. पुन्हा तडकली, पुन्हा लोंढा," मॅडम म्हणाली.

"म्हणजे पाऊस होता की नव्हता?"

"होता, कोसळायचा. पण मध्ये लांबलचक उघडीप. तेवढ्यात ऊन सगळी ओल पिऊन टाकायचं, मागे नुसता हा चुना उरायचा."

ओल्या काळातली माती घट्ट बसली होती, कोरड्या काळातली भुसभुशीत राहिली होती. आणि काकूंनी नेमकी तीच वगळली होती, म्हणून साहेबांना सगळा काळ ओलाच दिसला होता.

साहेबांना कळवायला हवं होतं. मॅडम पत्र लिहिणार होती, पण काकू म्हणाल्या, "मीच बोलते." साहेब आता थकले होते. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"मी ओरडलो होतो? मला तर आठवतही नाही."

ज्या ओरडण्याच्या धाकात काकूंनी अख्खी नोकरी काढली, ते त्या माणसाच्या गावीही नव्हतं. त्यांना हसावं की रडावं कळेना.

"पण मधले खडे कुठे गेले, हे मी विचारायला हवं होतं. तुमची अर्धी चूक, माझी दीड," साहेब म्हणाले.

निवृत्तीच्या दिवशी नऊ खडे कापायचे शिल्लक होते, त्यातला एक राळेत बुडवून पंपाला लावलेला होता. संचालकांचं निरोपाचं भाषण अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात काकूंनी घड्याळ पाहिलं आणि हळूच उठल्या. पंप बंद करायची वेळ झाली होती.