जावेच्या घड्याळाची तबकडी

जुन्या, साखळीच्या घड्याळाची तबकडी कशाची आहे, हे अंजनगाव सुर्जीच्या इंदूबाई हातात घेताच सांगतात. ही विद्या त्या शिकल्या ती निव्वळ जळफळाटापोटी.

सासरे गेल्यावर त्यांची दोन घड्याळं सासूनं, पार्बताबाईंनी, दोन्ही सुनांपुढे ठेवली. "इंदू, तू मोठी. पह्यले तू उचल." एकाची तबकडी चंदेरी, लखलखीत. दुसऱ्याची नुसती पांढरी, बशीसारखी. इंदूबाईंनी झटकन चंदेरी उचललं. पांढरं धाकट्या जावेला, मैनेला गेलं.

वर्षं गेली. इंदूबाईंची तबकडी काळवंडली, मैनेची पांढरीशुभ्रच राहिली. एवढ्यानं काही बिघडलं नव्हतं. पण मैनेच्या लेकीच्या साखरपुड्यात अमरावतीच्या एका पाहुण्यानं ते घड्याळ हातात घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हे तं मिन्याचं दिसते! आता कुठं पाहाले भेटते असं?" मैना लाजून हसली. इंदूबाईंनी अर्धी जिलबी ताटातच टाकली.

आठवडा उलटायच्या आत त्या अमरावतीला शेषरावांच्या दुकानात हजर. शेषराव माहेरच्या नात्यातले, घड्याळं दुरुस्त करण्यात म्हातारे झालेले. त्यांनी इंदूबाईंचं घड्याळ पाहिलं. "इंदे, ही अस्सल चांदी हाय. चांदीच काळी पडते. चांगली वस्तू हाय तुही."

"माह्यं राहू द्या. मैनेचं खोटं असंन तं कसं ओळखाचं, ते सांगा."

शेषराव मनापासून हसले, पण शिकवलं. मिना म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर भट्टीत वितळवलेली काच. तिचा रंग विटत नाही, पण घड्याळ पडलं की केसासारखी बारीक चीर जाते. उजेड तिरपा पाडला की ती दिसते. रंग दिलेला पत्रा असेल तर कडेला पोपडे धरतो. आणि जुन्या काळचं प्लॅस्टिक असेल तर अंगठ्यानं घासून हुंगायचं, कापराचा वास येतो. इंदूबाई पानमळ्यातलं काम आटोपून पुन्हा पुन्हा अमरावतीला गेल्या. दुकानातल्या भंगार तबकड्या घासघासून हुंगल्या. प्रत्येक वेळी मनात एकच: मैनेच्या घड्याळाला कापराचा वास यावा.

मग एका दुपारी त्या मैनेकडे गेल्या. "मैना, आण वो ते घड्याळ. पाहू दे बरं."

मैनेनं बांगड्यांच्या डब्यातून काढून दिलं. इंदूबाईंनी वरची काच उघडली, अंगठा घासला, हुंगलं. काहीच नाही. कडा पाहिल्या. कुठं पोपडा नाही. मोबाईलचा उजेड तिरपा धरला, तर सहाच्या आकड्यापाशी केसाएवढी चीर. मिनाच. अगदी अस्सल. "पत्रा हाय," हे दोन शब्द जिभेवर आले होते. पण महिनोन्‌महिने शिकलेल्या डोळ्यांनी ते बोलू दिले नाहीत.

"मिना हाय," त्या म्हणाल्या. तोंड कडू झालं होतं.

"मले काय समजते त्यातलं!" मैना म्हणाली. "तुमाले आवडते तं घेऊन जा ना बाई. माह्याकडे डब्यातच पडून राह्यते."

यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जिच्यासाठी इतकी आग झाली, ती वस्तू ही बाई पानसुपारीसारखी पुढं करत होती. इंदूबाई ताडकन उठल्या. "मले काहून पायजे तुहं? माह्यं चांदीचं हाय!" चहासुद्धा न घेता त्या घरी आल्या.

मैनेला राग कळलाच नाही. उलट ती गावभर सांगत सुटली, "आमच्या बाईले इचारा, हुंगून सांगते!" आता अकोल्याहूनसुद्धा लोक घड्याळं घेऊन येतात आणि त्यांना घेऊन येते मैनाच, मिरवत. इंदूबाई तबकडी उजेडात धरतात, बरोबर तेच सांगतात. लोक मात्र जाताना आधी मैनेला नमस्कार करतात, ओळख तिनं करून दिली म्हणून. तेही इंदूबाईंना बघवत नाही.