बुवांच्या एक मात्रा पुढे

सत्काराची मला पहिल्यापासून धास्ती आहे. आमच्या मांडवीत ज्याचा सत्कार झाला तो पुढे कामाला राहिला, असं निदान मी तरी पाहिलेलं नाही. माणसाला तोंडावर 'आता पुरे' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून शाल घालतात.

त्यामुळे देवळाच्या उत्सव समितीचे अध्यक्ष आमच्या तबलजींच्या ओटीवर येऊन म्हणाले, की यंदा काकड्याच्या समाप्तीला तुमचा सत्कार करावा म्हणतो, तेव्हा तबलजींना आणि मला त्याचा अर्थ लगेच कळला. तबलजी माझे शेजारी. कोर्टात कारकून होते. कार्तिकात पहाटेच्या काकड्याला देवळात भजन होई, तेव्हा बुवांच्या एका बाजूला ते तबला घेऊन बसत आणि दुसऱ्या बाजूला मी पेटी घेऊन. माझ्या पेटीचा बुवांच्या मते मुख्य गुण असा, की ती फारशी ऐकू येत नसे. तबला मात्र ऐकायला भाट्याच्या खाडीपलीकडून माणसं येत.

त्या वर्षी श्रावणात तबलजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, जीभ सुधारली. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राही, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. समाप्तीसाठी अध्यक्षांनी चिपळूणचा एक तरुण तबलजी मनात धरला होता आणि जुन्याने सन्मानाने जागा मोकळी करावी अशी त्यांची इच्छा होती. तबलजींना सन्मान नको होता. जागा हवी होती.

दिवाळीच्या आधी त्यांचा पुतण्या मस्कतहून रजेवर आला. तो तिथल्या हॉटेलातल्या बँडमध्ये होता. त्याने बरोबर एक करडं, जाडजूड यंत्र आणलं होतं. त्याला सॅम्पलर म्हणतात, असं त्याने सांगितलं. वर सोळा रबरी चौकोन. कुठलाही आवाज आत भरायचा, हव्या त्या चौकोनावर बसवायचा, आणि चौकोनावर बोट मारलं की तो आवाज निघतो. शिवाय बोटांनी जे वाजवाल ते लक्षात ठेवून यंत्र तेच तेच वाजवत बसतं. ऐकलेलं तेच तेच वाजवणारे आमच्या समितीतच पुष्कळ आहेत, त्यासाठी मस्कत कशाला, असं मी म्हणालो. तबलजी हसले नाहीत. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट एका चौकोनावर ठेवलं आणि विचारलं, "ह्यात माझा तबला भरता येईल?"

मागल्या वर्षीच्या समाप्तीची कॅसेट घरात होती. तिच्यातून त्यांचेच बोल कापून काढायचे असं ठरलं. हे वाटलं तितकं सोपं नव्हतं, कारण तबला वाजत असताना बुवा गात होते आणि बुवा न गाण्याचे प्रसंग कमी. मोकळा बोल सापडला की त्याच्या शेपटाला कोणाचा तरी खोकला नाहीतर कावळा. 'धा' तर शेवटपर्यंत मिळेना. अखेर मिळाला तो अध्यक्षांनी भाषणासाठी भजन थांबवलं त्या ठिकाणी. अध्यक्षांच्या भाषणाचा संगीताला झालेला एवढा एकच उपयोग मला आठवतो. त्या 'धा'च्या अंगाला भाषणाची सुरुवात चिकटलेली होती, ती पुतण्याने काळजीपूर्वक छाटली. अशी छाटणी मूळ प्रसंगीही झाली असती तर बरं झालं असतं.

मग तबलजींनी एका हाताने चौकोनांवर भजनी ठेका वाजवला. हात सवयीचा नव्हता, अडखळत होता. पण यंत्राने तो परत ऐकवला तेव्हा एकही बोल चुकलेला नव्हता. सगळे जागच्या जागी, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. तबलजींचा चेहरा उजळला. मीही म्हटलं, कमाल आहे.

तबलजींच्या पत्नी, आमच्या काकू, माजघरात नारळ खवत होत्या. तीस वर्षं त्या हा तबला भिंतीआडून ऐकत आलेल्या. तिथूनच म्हणाल्या, "हे तुमचं नाही हो. शिकवणीला आलेलं कुणीतरी वाजवतंय."

यंत्राबरोबर इंग्रजीतलं जाड पुस्तक होतं. ते वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी पुस्तकांत माझी बरीच वर्षं गेली होती, पण ज्याच्या पानापानाकडे दोन माणसं डोळे लावून बसली आहेत असं पुस्तक मी प्रथमच वाचत होतो. त्यात कळलं ते असं, की वाजवणाऱ्याचा बोल मागेपुढे पडला तर यंत्र तो आपणहून ओढून जवळच्या घरात बसवतं. चूक सुधारतं, आणि चुकीबरोबर माणूसही काढून टाकतं. पुतण्याने ती सोय बंद केली. मग जे ऐकू आलं ते खरंखुरं डावखुरं अडखळणं होतं. तबलजी म्हणाले, "हा तर आणखीच मी नाही."

तिसरी वाट पुस्तकातच होती. यंत्र एका मात्रेचे शंभराच्या आसपास कण करतं, आणि एकेक बोल उचलून कणाकणाने मागे किंवा पुढे सरकवता येतो. तबलजींनी पुन्हा सगळे बोल घरात बसवून घेतले आणि तिथून एकेकाला हलवायला सुरुवात केली. कोर्टातून आले की चहा घेऊन यंत्रासमोर बसत. 'ती' थोडी उशिरा. आणखी थोडी. नको, एक कण पुढे. शेवटचा 'ना' किंचित लवकर आणि हलका. त्यांना स्वतःला आपण कसं वाजवतो हे माहीत नव्हतं. हातांना माहीत होतं, आणि त्यातला एक हात बोलत नव्हता. म्हणून ते कॅसेट ऐकत, मान डोलावत, आणि आपली मान नेमकी कुठे खाली येते ते पाहून बोल सरकवत. मी आयुष्यात बऱ्याच विद्वानांना स्वतःबद्दल बोलताना ऐकलं आहे. स्वतःला शोधताना पाहिलं ते या एकाच माणसाला.

एकदा मध्येच वीज गेली आणि फ्लॉपीवर न उतरवलेलं सगळं पुसलं गेलं. वीज आल्यावर ते पहिल्या 'धा'पासून पुन्हा बसले.

एका संध्याकाळी माजघरातलं खवणं थांबलं. काकू दारात आल्या, दोन आवर्तनं ऐकली आणि परत आत गेल्या. ठेका पास झाला.

आता बुवा उरले. बुवा पावस गावचे, स्वभावाने प्रेमळ आणि लयीच्या बाबतीत बेभरवशाचे. रंगात आले की चढत, शेवटची ओळ वाटेल तितकी लांबवत आणि मग एकदम समेवर उडी घेत. त्यांनी यंत्राकडे साप बघावा तसं पाहिलं आणि म्हणाले, "ह्याच्या मागनं मी नाय जायाचा. त्याला यायचं तर येवदे माझ्या मागनं."

यंत्र कोणाच्या मागून जात नव्हतं. तबलजींनी ते चालू ठेवून डाव्या हाताने खरा डग्गा वाजवून पाहिला, पण बुवा चढले की डग्गा त्यांच्याबरोबर जाई आणि यंत्र मागे राही. मी पुन्हा पुस्तक उघडलं. यंत्रावर एक बटण होतं. त्याच्यावर मात्रा टिचक्यांनी दाखवल्या की यंत्र दोन टिचक्यांमधलं अंतर मोजून ती लय धरतं. अडचण एवढीच, की मोजून झाल्यावर धरतं, म्हणजे नेहमी एक मात्रा मागे. बुवांबरोबर राहायचं तर बुवा पुढच्या मात्रेला काय करणार ते बुवांच्या आधी टिचकीत यायला हवं.

"ते काय नवीन आहे?" तबलजी म्हणाले. "साथ म्हणजे दुसरं काय असतं?" आणि त्यांनी डग्गा बाजूला ठेवला.

समाप्तीच्या पहाटे देवळापुढच्या मांडवात यंत्र तबल्याच्या जागी आलं आणि त्याच्यामागे तबलजी आपल्या जागी बसले. अध्यक्षांनी ऐनवेळेसाठी बोलावून ठेवलेला चिपळूणचा तरुण समोर श्रोत्यांत, तबला गवसणीत. शाल अध्यक्षांच्या हातात. बुवांनी पहिला अभंग मुद्दाम सरळ म्हटला, अंदाज घेतल्यासारखा. दुसऱ्यात चढले. मी पेटीवरून पाहत होतो. डाव्या हाताची तर्जनी बटणावर, नजर बुवांच्या गळ्यावर. बुवांनी श्वास भरला की टिचकी जवळ येई, खांदा सैल पडला की लांब. ठेका बुवांबरोबर असा चढला, की मला पेटीवर पळावं लागलं. शेवटची ओळ बुवांनी लांबवली, इतकी लांबवली की टाळकरी गोंधळले. तबलजींनी यंत्र थांबवलं आणि करंगळी ते चालू करायच्या बटणावर ठेवून वाट पाहत राहिले. बुवांनी उडी घेतली. 'धा' त्यांच्याबरोबर पडला.

बुवांनी गाता गाता वळून पाहिलं. यंत्राकडे नाही, तबलजींकडे. मग मात्र त्यांनी जे जे येत होतं ते सगळं करून पाहिलं.

भजन संपलं तसे अध्यक्ष शाल घेऊन उठले. त्यांनी प्रदीर्घ सेवेचा उल्लेख केला, आणि भाषण आता निवृत्तीकडे वळणार हे दिसत होतं. बुवा तबलजींकडे झुकून म्हणाले, पण ध्वनिक्षेपक त्यांच्याच पुढे होता, "पुढल्या साली तिसरा अभंग जरा चढा घेवया. चालेल ना?" तबलजी म्हणाले, चालेल. श्रोत्यांनी ते ऐकलं. चिपळूणच्या तरुणाने सगळ्यांत आधी टाळी वाजवली. अध्यक्षांनी भाषण तिथेच थांबवलं आणि शाल घातली.

कार्तिकातलं दंव पडत होतं. तबलजींनी खांद्यावरची शाल डाव्या हाताने ओढून काढली आणि यंत्रावर पसरली.

पुतण्या मस्कतला गेला तो कपड्यांची बॅग तेवढी घेऊन. हॉटेल दुसरं यंत्र घेईल, म्हणाला. ती शाल पुढची कितीतरी वर्षं यंत्राच्या अंगावर होती. कार्तिकात तेवढी काढत.