वाळ्याची ताटी

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट कळत नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. अमरावतीच्या एका कॉलेजात सुखदेव आणि मी गॅमा किरण टिपणारं यंत्र तयार करत होतो. आकाशातले हे किरण हवेतच अडतात, म्हणून यंत्र फुग्याला बांधून उंच सोडायचं. त्याचं काळीज म्हणजे एक स्फटिक. किरण आदळला की आत बारीक उजेड चमकतो, तो मोजायचा. पण स्फटिक जातीचा मीठच — दमट हवा लागली की पिवळा पडून बाद. म्हणून तर आमच्या सरांनी तो डबीत सीलबंद करायला मे महिना निवडला. वऱ्हाडातला मे, हवेत ओल नावाला नाही!

सुखदेव अकोल्याचा, गिरणी कामगाराचा मुलगा, बौद्ध झालेल्या घरातला पहिला पदवीधर. काम साधलं की सर त्याला मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवणार होते. मला ते सलत होतं का? होतं. पण त्या दुपारी मी जे केलं, ते निव्वळ उकाड्यापायी.

स्फटिक घासूनपुसून, उघडाच माझ्यावर सोपवून तो जेवायला गेला. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. शेजारच्या खोलीतली वाळ्याची ताटी आणून मी खिडकीला लावली, वर बादलीभर पाणी ओतलं. काय गार वारा सुटला! मला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा स्फटिकावर पिवळट साय धरली होती.

ताटी मी परत नेऊन ठेवली. बाहेर झळा मारत होत्या. दहा मिनिटांत फरशी कोरडी झाली.

"ओला हात कोणी लावला?" सरांनी विचारलं — पाहत होते सुखदेवकडे. त्याच्याचकडे का, हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

"म्या नाई लावला, सर. भाऊ होते ना इथंच. भाऊ, सांगा ना!"

मी म्हणालो — मी पोस्टात गेलो होतो.

मुंबईला मी गेलो. मी खोटं बोललो हे सुखदेवला ठाऊक होतं. तरी तो बडनेऱ्याच्या स्टेशनवर मला पोचवायला आला, आणि एक वही माझ्या हातात दिली. स्फटिक सीलबंद करायची त्याची रीत, आकृत्यांसकट. "तुमाले कामी पडन, भाऊ."

पडली. त्या रीतीनं मी पुढे कितीतरी स्फटिक बंद केले, एकही पिवळा पडला नाही. रीत कोणाची, असं लोक विचारायचे.

मी 'माझी' म्हणायचो.