पंप नंबर तीनचा थरथरता पाइप

कारखान्यात एखादी गोष्ट वर्षानुवर्षं बिघडलेली असली की तिच्याभोवती किस्से साचत जातात. रोह्याजवळच्या आमच्या केमिकल प्लँटमध्ये ती गोष्ट म्हणजे पंप नंबर तीनचा पाइप. मी मेंटेनन्सला. पंप दट्ट्याचा, त्यामुळे द्रव धक्क्याधक्क्याने पुढे जायचा आणि अख्खा पाइप हुडहुडी भरल्यासारखा थरथरायचा. क्लँप तुटायचे, सांध्यांना चिरा जायच्या. मी दिवसातून दहादा त्याला हात लावून बघायचो!

आमचे वेल्डर इस्माईलभाई म्हसळ्याचे, कुवेतला बरीच वर्षं काढून आलेले. एकच सांधा पाचव्यांदा जोडताना म्हणाले, "या पाइपाला मी जेवढा भेटलोय ना, तेवढा सासऱ्यालासुद्धा भेटलो नाही!"

एका रविवारी बायकोबरोबर मांडव्याहून बोटीने निघालो. इंजिन सुरू झालं आणि नकळत माझा हात रेलिंगवर गेला. तिने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "आज रजा कुणाची आहे? तुमची की पाइपाची?"

मॅनेजरसाहेबांनी धक्के शोषणारा डबा मागवला. आत रबरी फुगा. गरम द्रवाने तो फाटला. दुसरा फाटला. तिसरा फाटला त्या दिवशी इस्माईलभाई नुकते शिडीवरून उतरले होते, आणि मागे सांधा फुटून फवारा उडाला. मी धावत जाऊन पंप बंद केला. इस्माईलभाई भिंतीला टेकून उभे होते.

"अल्लाने वाचवलं," ते म्हणाले. "पण रोज त्यालाच ड्यूटीवर ठेवणार का?"

त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. आठवडाभर कागद काळे केले. दोन मोठ्या टाक्या, मध्ये अरुंद नळी. धक्का पहिल्या टाकीत पसरणार, नळीत अडणार, दुसरीतून धार सरळ निघणार. आत हलणारं काहीच नाही, मग फाटणार काय?

साहेबांनी ड्रॉइंग उलटंसुलटं पाहिलं. "यात पार्ट कुठे आहेत?"

"नाहीत, सर."

"मग बिघडलं तर बदलायचं काय?"

"मला, सर!"

इस्माईलभाईंनी टाक्या जोडल्या. पंप सुरू केला. त्यांनी पाण्याने भरलेला ग्लास पाइपावर टेकवून धरला. पाणी हललं नाही.

अर्ध्या तासात गेटवर गलका! कंपाउंडला लागून असलेल्या वाडीतल्या सुंदराआजी धापा टाकत आल्या होत्या. पाइप त्यांच्या भिंतीजवळून जायचा. फळीवरची भांडी इतकी वर्षं पंपाबरोबर वाजायची. आज ती अचानक गप्प झाली होती.

"कंपनी बंद झाली काय? माझे दोन्ही लेक हितंच कामाला हायत!"

मी त्यांना आत नेलं. पंप दाखवला. "बघा आजी, चालू आहे."

त्यांनी बराच वेळ पंपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"चालू हाय ना? मंग जरा वाजवा की! घरी जाऊन जेवण करायचंय, आन् जीव थाऱ्यावर न्हाय!"