कुठून सुरू करायचं ते इरफान सांगायचा

इरफान गेला त्याला आज एक वर्ष झालं. त्याचंच बरोबर होतं, हे मी आज पहिल्यांदा जाहीर कबूल करतेय.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी. इरफानचं नाशिकरोडला चष्म्याचं दुकान होतं. आठ वर्षांपूर्वी मी तिथे नंबर तपासायला गेले, तर काउंटरवरच्या लॅपटॉपवर माझी सगळ्यात लाडकी अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, चालू होती.

तीच ती. भविष्यातलं शहर, पोलिसांची एक टीम, आणि निम्म्या लोकांची शरीरं यंत्राची. जुने सिनेमे, मालिका, मग टीम कशी जमली ते सांगणारे भाग, परत नवी मालिका. संपतच नाही. नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये भांडणं होतील.

"तुम्ही एकदम नवी मालिका लावलीय? आधीचं सगळं सोडून?" मला राहवलं नाही.

"मॅडम, हलू नका. नंबर चुकेल," तो म्हणाला. "आणि आधीचं सगळं चार वेळा बघून झालंय."

झाली दोस्ती.

आणि भांडणही. सात वर्षं, एकच.

माझं म्हणणं, गोष्ट जशी घडते तसं बघायचं. टीम जमते तिथून. मी तर एक्सेल शीट केली होती, रंग वगैरे भरून.

त्याने ती शीट बघितली आणि खो खो हसला.

"अगं अश्विनी, ही एक गोष्ट आहे कुठे? माणसं तीच, पण दर वेळी जग वेगळं. तू जोडतेस काय?"

"मग नव्या माणसाने सुरुवात कुठून करायची?"

"माणूस बघून सांगणार."

"हे काय उत्तर झालं?"

"चष्मा पण मी माणूस बघूनच देतो ना?"

मला हे उत्तर म्हणजे शुद्ध पळवाट वाटायची.

मग तीन वर्षांपूर्वी बाबांना दोनदा चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके फार कमी पडतायत, पेसमेकर बसवावा लागेल.

बाबा म्हणाले, नाही.

माझे बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. चौतीस वर्षं टर्बाइनशेजारी काढलेली.

"मी आयुष्यभर मशीन ट्रिप होऊन बंद पडताना बघितलंय," ते म्हणाले. "छातीत मशीन नको."

मी रडले. ओरडले. आत्याला फोन लावून दिला. बाबा पेपर वाचत बसले.

शेवटी मी दुकानात जाऊन इरफानला सांगितलं. म्हटलं, तू तरी समजाव. रविवारी सकाळी तो लॅपटॉप आणि गरम जिलेबी घेऊन घरी हजर.

"काका, एक कार्टून बघणार?"

"माझं वय काय, तू दाखवतोस काय?"

"वीस मिनिटं, काका. नाही आवडलं तर जिलेबी खाऊन जातो."

मला वाटलं, तो पहिला सिनेमा लावेल. गंभीर, संथ, माणूस म्हणजे काय वगैरे. बाबा पाच मिनिटांत उठले असते.

माझ्या शीटप्रमाणे गेलो असतो तर तीन मिनिटांत.

इरफानने लावला दुसऱ्या मालिकेच्या मधलाच एक भाग. मी कधी लक्षही दिलं नव्हतं त्याच्याकडे. त्यात एक म्हातारा हवालदार आहे, ज्याचा एक हात यंत्राचा. अख्खा भाग तो सर्व्हिसिंगला जातो, मेकॅनिकशी वाद घालतो, आणि घरी येऊन त्याच हाताने नातीची वेणी घालतो. बस. एक गोळी सुटत नाही.

इरफान शेजारी बसून बाबांना सगळं मराठीत सांगत होता.

बाबा हसले. मग म्हणाले, "याचं मेंटेनन्स शेड्यूल काय असतं?"

"मला नाही माहीत, काका. तुमच्या डॉक्टरांना विचारा."

बाबांनी खरंच विचारलं! वहीत अकरा प्रश्न लिहून नेले. बॅटरी किती वर्षं? लो झाली तर आधी कळतं का? बदलताना काय करता?

डॉक्टरांनी शांतपणे एकेकाचं उत्तर दिलं. बॅटरी बरीच वर्षं चालते, दर तपासणीत कळतं किती उरलीय, संपायच्या आधीच बदलतो.

"म्हणजे प्लॅन्ड शटडाउन," बाबा म्हणाले. "मग हरकत नाही."

पुढच्याच आठवड्यात पेसमेकर बसला. घरी आल्यावर बाबांचा पहिला फोन इरफानला. "पुढचा कुठला बघायचा?"

त्यानंतर दर रविवारी सकाळी दोघं आमच्या हॉलमध्ये. कधी मागचं, कधी पुढचं, काही क्रम नाही. बाबांनी सगळं बघून संपवलं. पहिला सिनेमा इरफानने त्यांना अगदी शेवटी दाखवला. तो संपल्यावर बाबा म्हणाले, "हा आधी लावला असतास तर मी तुला हाकललं असतं."

इरफानने माझ्याकडे नुसतं बघितलं. काय तो चेहरा!

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी दुकान उघडता उघडता तो खाली बसला. त्रेचाळीस वर्षांचा होता. हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही.

बाबांनी कब्रस्तानात जाऊन माती दिली. पुढचे काही महिने रविवारी आमचा टीव्ही बंद होता.

मागच्या रविवारी शबाना भाभी आल्या. त्याची बायको. आयुष्यात त्यांनी यातला एकही भाग बघितलेला नव्हता. म्हणायच्या, ते बघतात तेवढं पुरे आहे.

बसल्या, आणि म्हणाल्या, "मला पण बघायचंय. कुठून सुरू करू?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे.

मग बाबांनी विचारलं, "तुम्हाला काय बघावंसं वाटतं, बेटा?"

"ते ज्याला सगळ्यात जास्त हसायचे ते. आतल्या खोलीत झोपलेली असले तरी मला जाग यायची. एवढं हसण्यासारखं काय आहे ते तरी कळू दे."

बाबांना तो भाग बरोबर माहीत होता. लावला. चुकीच्या माणसाला पकडून आणतात तो.

पाचव्या मिनिटाला भाभी हसल्या. डोळे पुसत, पदर तोंडाला लावून, पार खोकला येईपर्यंत हसल्या. मग आम्ही तिघंही.

आज परत येतायत. भजी त्या करून आणणार आहेत.

इरफान, दोस्ता, तुझी फार आठवण येते. मनापासून सलाम. बाबांचाही.