खडूचा झोपाळा

विरारच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या छताला चार लोखंडी कड्या होत्या आणि त्यांना काहीही टांगलेलं नव्हतं. इमारतीचा स्लॅब भरला जात असताना आईने स्वतः तिथे उभं राहून त्या बसवून घेतल्या होत्या. अंतर तिने माहेरच्या झोपाळ्यावरून सुतळीने मोजून आणलं होतं. पाहुणे वर बघून विचारत, "हे कशासाठी?" बाबा गंभीर चेहऱ्याने सांगत, "पोरगी अभ्यास करेनाशी झाली की उलटी टांगायला."

आईचं माहेर वसईजवळच्या होळी गावात. मामा, म्हणजे आईचा एकुलता एक थोरला भाऊ, तिथे केळी आणि भाजी पिकवायचा. घराच्या ओटीवर पूर्वी एक लांब झोपाळा होता, चौघं सहज मावतील असा. पण लहानपणी त्यावर दोघंच बसत: एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मामा, मध्ये चिंचांचा ढीग. तो झोपाळा पुढे वाळवीने खाल्ला. तसाच दुसरा आपल्या घरात हवा, हे आईने फ्लॅट घ्यायच्या आधीपासून मनाशी पक्कं केलं होतं.

मामाने वाडीचा रस्त्याकडचा तुकडा इमारतीसाठी विकला तेव्हा त्यातला जुना फणस तोडावा लागला. आई म्हणाली, "मला दुसरं काही नको. फणसाचं खोड दे." मामाने त्याचे दोन ओंडके केले. लांब होता तो झोपाळ्यासाठी, आखूड होता त्याचे पाट करायचं ठरलं. आणि दोन्ही त्याने बावखलात बुडवून ठेवले. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. सगळी वाडी त्याच्याच पाण्यावर जगते. लाकूड असं दोन पावसाळे पाण्याखाली राहिलं की त्याला कीड लागत नाही, ही तिथली रीत. घाई करणाऱ्याने बाजारातून प्लायवूड आणावं.

मधल्या काळात गावचा सुतार माप बघायला आला. बोलण्यात तो रंधा मारण्यापेक्षा तरबेज होता. चहा घेता घेता त्याने माझ्या दप्तरातला खडू मागितला आणि कड्यांच्या बरोबर खाली, लादीवर, झोपाळ्याची फळी पूर्ण मापाची काढून दिली. "हा तुमचा झोपाळा. आता फक्त लाकूड यायचं बाकी," असं म्हणून तो गेला.

त्या दिवसापासून आमच्या घरात झोपाळा होता. त्याच्यावरून कुणी चालायचं नाही, वळसा घालून जायचं. आई दुपारी खडूच्या रेघेच्या आत बसून भाजी निवडायची आणि तिचे पाय, तिच्या नकळत, हलकेच पुढेमागे होत राहायचे. मी तिच्या शेजारी आडवी व्हायचे. पंखा गरगरत असायचा, खिडकीतून ऊन लादीवर सरकत यायचं आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, ही लादी नाहीच, बावखलाचं पाणी आहे. खाली, हिरव्या अंधारात, आमचा झोपाळा पडलेला आहे. त्याच्या अंगावरून मासे जातात. एखादं कासव येऊन त्यावर बसतं आणि कंटाळून निघून जातं. लाकूड तिथे झोपलंय आणि इथे मी, आणि दोघंही एकाच वेळी तयार होतोय, असं काहीतरी. जागी झाले की गालावर लादीचा गारवा असायचा. तसली झोप मला पुन्हा कुठल्याच पलंगावर लागली नाही.

फरशी पुसली की खडू जायचा आणि आई पुन्हा रेघा ओढायची. दर खेपेला झोपाळा थोडा मोठा व्हायचा. बाबा म्हणत, "बरोबर आहे, लाकूड पाण्यात फुगतंय."

दुसरा पावसाळा संपला. नवरात्र झाल्यावर आई आणि मी ओंडके बघायला होळीला गेलो. वाडीत पोहोचलो तर बावखल अर्धं लाल मातीने भरलेलं, आणि एक ट्रक मागे मागे येत आणखी माती ओतत होता. मामा काठावर उभा होता. विकलेल्या तुकड्याच्या हद्दीत बावखलही आलं होतं आणि ते त्याला त्या सकाळी कळलं होतं.

"पानी कोन इकतं, बाय?" तो आईला पुन्हा पुन्हा सांगत होता. "मी जमीन इकली. पानी नाय इकलं."

तो खरंच तसं समजून बसला होता. बावखल म्हणजेसुद्धा जमीनच, हे त्यांच्या कुणाच्याच डोक्यात कधी आलं नव्हतं. आईने फक्त विचारलं, "ओंडके?" मामाने मातीकडे हात केला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती घरी आली आणि ओल्या फडक्याने लादी पुसली, कोपऱ्यापर्यंत. रेघा पुन्हा ओढल्या नाहीत. भाऊबीजेला ती माहेरी गेली नाही. मामाला ओवाळलं नाही असं ते पहिलंच वर्ष. मला मामाचा भयंकर राग आला होता. चांगले दिवे लावले याने, असं मी बाबांना म्हणालेसुद्धा. पण आईने ताटात काढलेली करंजी तशीच परत डब्यात ठेवली, तेव्हा मला झोपाळ्याचं काहीच वाटेनासं झालं. तिचा भाऊ तेवढा परत यावा, असं वाटलं.

काही दिवसांनी दारात सुतार उभा, खांद्यावर फळ्या. गोखिवऱ्याच्या सॉ मिलमधून कापून आणल्या होत्या. त्याने सांगितलं की मामा ट्रकवाल्यांशी भांडून, पोरं गोळा करून चिखलात उतरला. आखूड ओंडका तेवढा हाताला लागला, लांब खालीच राहिला. "दोघांपुरताच झोपाळा होईल, ताई. चालेल?"

"तो कुठाय?" आईने विचारलं.

"खाली. टेम्पोत बसलाय. वर यायला लाजतो."

आई खिडकीपर्यंत गेली आणि तशीच परत आली. "होऊ दे दोघांपुरता," म्हणाली.

सुतार हॉलमध्येच कामाला बसला. वरून काळंठिक्कर झालेलं लाकूड आतून हळदीसारखं पिवळं निघालं. घरभर चिखलाचा आणि पिकल्या फणसाचा वास. फळी टांगली तर कड्या जुन्या मापाच्या, लांब लांब. त्यामुळे साखळ्या तिरक्या आत आल्या. आई त्यावर एका टोकाला बसायची, आणि दुसऱ्या टोकाला कुणाला बसू द्यायची नाही. बाबा म्हणाले, "यापेक्षा खडूचा परवडला."

शेवटी एका रविवारी तिने मला मामाला फोन लावायला सांगितलं. "म्हणावं, झोपाळा कुरकुरतो. तेल घेऊन ये."

झोपाळा अजिबात कुरकुरत नव्हता. पण मी मामाला तसंच सांगितलं.

मामा दुपारी आला, हातात तेलाची बाटली. स्टुलावर चढून त्याने एकेक कडी बघितली, फळी हलवून कान लावला. "वाजत नाय गं."

"बसल्याबिगर कसा वाजंल?" आई म्हणाली. "बस."

तो फळीच्या अगदी कडेला टेकला. म्हणाला, "लांबडा खाली ऱ्हायला, बाय."

"ऱ्हाऊ दे. तवा तरी आपन दोगंच बसायचो ना?"

तिने पायाने लादी मागे ढकलली. दोघांच्या वजनाने तिरक्या साखळ्या कड्यांत सरकल्या आणि खरोखरच कुरकुरल्या. मामा धडपडत बाटलीकडे हात नेऊ लागला, तर आईने त्याचं मनगट धरलं.

"वाजू दे, दादा."