कपबशीच्या बिबड्या

माझी माय कापडाचा तुकडाही फेकत नसे. युरियाच्या गोणीची बाजाराची पिशवी व्हायची, पिशवी फाटली की पायपुसणं. आमच्या घराण्यात पहिला बीएस्सी मी झालो. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी माझा प्रयोगशाळेतला पांढरा अ‍ॅप्रन चुलीवरचा तवा उतरवायला लागला.

त्या साली सावद्याजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. ती आटोपल्यावर मायने बाबांना शिडी लावायला सांगून चौकातला भलामोठा कापडी बॅनर उतरवून आणला. त्यावर ऑइल पेंटने ओळीने कपबशा काढलेल्या. आमच्या वॉर्डातल्या अपक्षाची ती निशाणी.

"फेकाले काय झालं? चांगला मांजरपाट आहे," माय म्हणाली आणि तो दोनदा धुतला.

चैत्रात त्यावर तिने बिबड्या घातल्या. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर पापडासारखं पातळ थापायचं, वाळलं की कापड उलटून मागून पाणी शिंपडायचं आणि बिबडी सोडवायची. रंगाची बाजू गुळगुळीत, पटापट सुटतील, म्हणून मायने मुद्दाम तीच वर ठेवली. सुटल्याही पटापट. फक्त प्रत्येकीवर एक कपबशी उठली होती, कानासकट.

एरवी आम्ही हसून खाल्ल्या असत्या. पण त्या बिबड्या अक्काच्या सासरी, नरडाण्याकडे जायच्या होत्या. अक्काची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच निघणार होतो. आणि तिचे सासरे, आबा, नुकतेच त्यांच्या गावात छत्री निशाणी घेऊन उभे राहिले होते आणि सपाटून पडले होते. पाडलं कोणी? तिथल्या कपबशीने.

"आबाले वाटेल, आपण चिडवतो," बाबा म्हणाले. "पोरीले धाडणारच नाही."

"मंग काय रिकाम्या हाती पाठवू? नव्या घालाले आता येळ नाही." माय माझ्याकडे वळली. "तू शिकेल आहे ना? सांग काहीतरी."

मी शिकलेला होतोच. म्हणालो, "तळली की बिबडी फुगते. फुगली की ठसा जातो."

घरात माझ्या पदवीचा तो पहिला उपयोग. एक तळून पाहू म्हटलं, तर माय म्हणाली, "एकीसाठी कढईभर तेल तापवाचं?"

नरडाण्याकडच्या त्या घरी पोचलो आणि अक्काला सगळं सांगितलं. तिने पहिली बिबडी तेलात सोडली. जिथे रंगाचा थर होता तिथे बिबडी पातळ, ती जागा तशीच बसून राहिली आणि भोवतालचं सगळं टरारून फुगलं. मघाशी निरखून पाहावी लागत होती ती कपबशी आता दारातून दिसायला लागली.

"भाऊ," अक्का म्हणाली, "हेच शिकला का तू जळगावले?"

तेवढ्यात ओट्यावरून आबांची हाक आली, "बेटी, माहेरन्या बिबड्या ली ये!"

तिने ताट नेऊन ठेवलं. आबांनी एक बिबडी उचलली, फिरवली, उजेडात धरली.

"हाई काय शे?"

"कपबशी, आबा," मी म्हणालो. खोटं बोलायला जागाच नव्हती, कान स्पष्ट दिसत होता.

अक्काने पदर तोंडात धरला. आबांनी आधी तो कान मोडला. सावकाश चावला. मग बशीचा काठ. मग कपाचं बूड कडाडकन चावलं आणि गल्लीभर ओरडले, "या रे बठ्ठा! कपबशी फोडूत!"

त्यांच्याबरोबर पडलेले आणखी दोघे धावत आले. अक्का तळत होती, ते फोडत होते. डबा रिकामा झाला.

"जा बेटी, आखाजी करी ये," आबा हात झटकत म्हणाले. मग आतून कापडाचं एक गाठोडं आणून माझ्या डोक्यावर ठेवलं. त्यांच्या छत्रीचे उरलेले सगळे बॅनर.

घरी मायने आधी लेकीला जवळ घेतलं, पण एका हाताने गाठोड्याचं कापड चाचपतच.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "पण याच्यावर बिबड्या नको. व्याही सोताचीच छत्री खातील कसे?"

तिने उशांचे अभ्रे शिवले. पहिला अक्काला. पहिल्या आखाजीला आमची अक्का माहेरी छत्रीवर डोकं ठेवून गाढ झोपली.